गोठ्यातील जावा

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साधारण निम्म्या वाटेवर, वळसंग हे गाव लागते. गुरुवारी आणि दत्तजयंतीच्या सुमारास स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांची या रस्त्यावर रीघ असते. एरवीही बसगाड्या, मालमोटारी, ट्रॅक्टर यांचा आवाज गावाच्या कानांवर दिवसभर आदळत असतो, आणि त्यांतला कोणता आवाज कोणाचा, याची फिकीर कोणी करीत नाही. एक आवाज मात्र गल्लीतील लहानमोठी सारी माणसे नेमका ओळखतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, तो फिटरअण्णांच्या गोठ्यातून येतो. प्रथम म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा दोनतीनदा उमटतो, मग जरा थांबतो, आणि मग 'डुग् डुग् डुग्' असा ठेका धरतो. "फिटरअण्णांची जावा बोलली," असे म्हणून शेजारीण पुन्हा आपल्या भाकरीकडे वळते.

गोठा म्हटला तरी त्यात आता गुरे नाहीत. बैलजोडी गेली त्याला पुष्कळ वर्षे लोटली. पण दावणीचे दगड अजून जागच्या जागी आहेत. जू टांगण्याच्या खुंटीवर आता जुन्या सायकलीच्या ट्यूब लोंबतात, आणि कडबा ठेवण्याच्या फळीवर पाने, पक्कड, कानशी, तेलाच्या बाटल्या व चिंध्यांची टोपली अशी मांडामांड असते. घरातील मुले शहरात जाऊन आली की या जागेला 'गॅरेज' म्हणू लागतात. आठ दिवसांत पुन्हा 'गोठा' म्हणतात. शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर, मधोमध, मधल्या स्टँडवर उभी असते ती फिटरअण्णांची तांबडी, किंचित किरमिजी रंगावर गेलेली, जावा मोटारसायकल.

ती १९६८ साली म्हैसूरच्या कारखान्यात तयार झाली. तिचे मूळ घराणे मात्र फार दूरचे आहे. आज ज्याला चेक प्रजासत्ताक म्हणतात, त्या देशातील प्राग शहरात फ्रांटिशेक यानेचेक नावाचा एक कारखानदार होता. त्याने १९२९ साली वांडरर या जर्मन मोटारसायकलीचे हक्क विकत घेतले आणि आपल्या कारखान्यात ती बनवू लागला. यानेचेक या नावातील 'या' आणि वांडरर या नावातील 'वा' मिळून 'यावा' असे नाव झाले. रोमन लिपीत ते जसे लिहितात तसे आपण वाचले, म्हणून आपल्याकडे ती 'जावा' झाली. जावा नावाच्या बेटाशी तिचा काही संबंध नाही, हे फिटरअण्णांना आजवर अनेकांना सांगावे लागले आहे. १९६० नंतर म्हैसूर येथे इराणी कुटुंबाच्या कारखान्यात ही गाडी भारतात तयार होऊ लागली. पुढे तिचेच रूप 'येझदी' या नावाने विकले जाई. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले खरे, पण त्या गाड्यांचे इंजिन सर्वस्वी निराळे आहे. म्हैसूरच्या जुन्या जावेला सुटे भाग पुरविणारा कारखाना आता नाही. जे मिळते ते जुन्या दुकानांतून, नाही तर पुण्याच्या जुन्या बाजारात धुळीत बसून शोधावे लागते. ज्या यंत्राचा सुटा भाग सहज मिळत नाही, ते यंत्र जपावे लागते.

फिटरअण्णा हे नाव त्यांना गावाने दिले. ते सोलापूरच्या एका कापडगिरणीत फिटर होते. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली, आणि त्यानंतरची शंभर वर्षे हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठत-बसत असे. आता तो भोंगाही नाही. अण्णांनी १९७४ साली ही जावा जुनी म्हणूनच विकत घेतली. दुसऱ्या पाळीचे काम रात्री उशिरा सुटे, आणि त्या वेळी वळसंगला जाणारी बस नसे. सहा व्होल्टच्या बॅटरीवरचा तिचा दिवा म्हणजे काजव्याचा थोरला भाऊ. तेवढ्या उजेडात ते कुंभारी मागे टाकून अंधाऱ्या माळावरून घरी येत. एका रात्री याच माळावर गाडी बंद पडली. पावसाची झड होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. अण्णा गाडी ढकलीत पहाटे घरी पोचले आणि दुपारी पुन्हा पाळीवर गेले. बिघाड काय होता? सुपारीएवढ्या भागावर साचलेली काजळी. त्या दिवशी त्यांनी दोन आण्यांची वाटावी अशी एक पातळ वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख घालून लिहिले : 'प्लग साफ केला. फट नीट केली.' तेव्हापासून महिन्यातून एक रविवार जावेचा. गिरणी बंद पडली, अण्णा घरी बसले, पण रविवार चुकला नाही. आता पाचवी वही चालू आहे.

या रविवारच्या कामात त्यांची मदतनीस म्हणजे त्यांची नात. ती सातवीत आहे. सोलापूरकडच्या पुष्कळ घरांत कानडीचा शेजार असल्यामुळे ती आजोबांना 'अज्जा' म्हणते. आरंभी तिचे काम फक्त हातात पाना देण्याचे होते. दहाचा पाना मागितला की दहाचाच द्यायचा, चौदाचा दिला तर अण्णा न बोलता तो परत करीत. आणि ते न बोलणे तिला रागावण्यापेक्षा अधिक लागे. हळूहळू तिला मागण्याआधी पाना देता येऊ लागला.

कामाचा क्रम ठरलेला असतो. पहिले काम पुसण्याचे. पूर्वी यासाठी रॉकेल वापरीत. आता रॉकेल मिळणे कठीण, म्हणून थोडे डिझेल वाटीत घेऊन जुन्या रंगाच्या ब्रशाने इंजिनावरची मळी सैल करायची आणि चिंधीने टिपून घ्यायची. आमच्याकडची काळी माती मोठी चिवट असते. पावसात ती चिखल होऊन चिकटते आणि उन्हाळ्यात पीठ होऊन प्रत्येक भेगेत शिरते. इंजिनाच्या सिलिंडरला माशाच्या कल्ल्यांसारख्या पातळ पट्ट्या असतात. त्यांतून वारा वाहिला म्हणजे इंजिन निवते. पट्ट्यांमध्ये माती भरली की इंजिनाचा जीव गुदमरतो. पुसताना आणखी एक गोष्ट साधते, ती म्हणजे पाहणे. कोठे तेल पाझरले, कोणता नट सैल झाला, कोणत्या तारेचे कवच फाटले, हे चिंधी ज्याच्या हातात असते त्यालाच कळते. म्हणूनच पुसण्याचे काम अण्णा कोणाला देत नसत. नातीला ते मिळाले तेव्हा तिला एक वर्ष झाले होते.

मग केबलींचे तेल. क्लचची आणि ब्रेकची तार ज्या नळीतून जाते, तिच्यात वरून तेल सोडावे लागते. पण नळीचे तोंड एवढे बारीक की तेल आत कमी आणि बाहेरच अधिक सांडते. अण्णांची युक्ती घरगुती आहे. कणकेचा एक गोळा घेऊन ते नळीच्या तोंडाभोवती लहानशी वाटी करतात, वाटीत तेल भरतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. सकाळपर्यंत तेल थेंबाथेंबाने पार खालच्या टोकाला पोचते. यामुळे शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात एक ठरलेला संवाद होतो. आजी म्हणतात, "घरात ज्वारीचं पीठ एवढं पडलंय, ते न्या की!" अण्णा म्हणतात, "ज्वारीला चिकटपणा नसतो. वाटी फुटते." आजींना हे ठाऊक असते, ज्वारीची भाकरी थापण्यात त्यांचा जन्म गेला आहे. तरी त्या दर महिन्याला म्हणतात, आणि दर महिन्याला कणीक देतात.

पेट्रोलचे गणितही नातीकडे आहे. जावेचे इंजिन दोन फेऱ्यांचे आहे. अशा इंजिनात पेट्रोलची वाफ आधी खालच्या पोकळीतून, म्हणजे फिरत्या दांड्याजवळून जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये पोचते. तेथे वंगणासाठी वेगळे तेल नसते. म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यायचे असते. प्रमाण पंचवीसास एक : एक लिटर पेट्रोलला चाळीस मिलिलिटर तेल. तेल कमी पडले तर पिस्टन तापून सिलिंडरला घासतो आणि कधी कधी जागीच आवळून बसतो. तेल जास्त झाले तर निळा धूर निघतो आणि प्लग काजळतो. नात हे औषधाच्या मापाने मोजते. अलीकडे अण्णांनी आणखी एक खबरदारी सुरू केली आहे. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. आमचा जिल्हा उसाचा व साखर कारखान्यांचा. त्यामुळे इथेनॉलचे येथे कौतुकच आहे. पण ते हवेतील ओल शोषून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून काम संपले की टाकीखालचा नळ बंद करायचा आणि इंजिन चालूच ठेवायचे; कार्बुरेटरमध्ये उरलेले पेट्रोल जळून गेले की इंजिन आपोआप थांबते.

या साऱ्या कामांत सर्वांत नाजूक काम पॉइंटचे. बॅटरीची वीज सहा व्होल्टची. तिने प्लगमध्ये ठिणगी पडणे शक्य नाही. म्हणून ती कॉइल नावाच्या तारेच्या गुंडाळ्यातून नेतात. तिच्या वाटेवर धातूच्या दोन टिकल्या एकमेकींना टेकून असतात. त्यांनाच पॉइंट म्हणतात. इंजिन फिरताना एक उंचवटा येतो आणि त्यांना क्षणभर दूर सारतो. वीज एकाएकी तुटते, आणि त्या धक्क्याने कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या टोकावर ठिणगी उडते. इंजिन मिनिटाला तीन हजार वेळा फिरत असले, तर या टिकल्या मिनिटाला तीन हजार वेळा उघडतात व मिटतात. एका सेकंदात पन्नास वेळा! टिकल्या पुरत्या उघडल्या असताना त्यांच्यामधली फट ०.४ मिलिमीटर असावी लागते. म्हणजे वहीचे चार कागद एकावर एक ठेवावेत तेवढी. फट कमी झाली तर ठिणगी उशिरा पडते आणि गाडी मंद होते. फट वाजवीपेक्षा मोठी झाली तर ठिणगी वेळेआधी पडते. पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो आणि त्याला खाली ढकलू पाहतो. अशा वेळी किक मारणाऱ्याचा पाय उलटा फेकला जातो.

फट मोजण्यासाठी फिलर गेज असतो. चाकूसारख्या मुठीत पोलादाची दहाबारा पातळ पाती मिटवून ठेवलेली असतात, आणि प्रत्येकावर त्याची जाडी कोरलेली असते. गिरणीतील हत्यारांपैकी एवढे एकच अण्णांजवळ आहे. त्यांनी ते स्वतःच्या पैशाने घेतले होते. या गेजला नातीने हात लावण्याची रीत नव्हती. ती मागच्या चाकाजवळ बसे, प्लग काढलेला असल्यामुळे हलके झालेले इंजिन चाकाच्या आधाराने हळूहळू फिरवी, आणि अण्णा उजव्या बाजूचे झाकण उघडून पॉइंटवर डोळा लावून बसत. "थांब," असे ते म्हणाले की थांबायचे. तेवढेच.

गेल्या चैत्रातील रविवारी असेच काम चालले होते. ऊन नऊ वाजताच पत्र्यावर तडतडत होते. प्लग निघाला, त्याचा रंग कोऱ्या चहासारखा तपकिरी होता, म्हणजे मिश्रण उत्तम. झाकण उघडले. नात चाक फिरवू लागली.

"थांब," अण्णा म्हणाले.

ती थांबली. त्यांनी ०.४ चे पाते आत सरकविले, स्क्रू ढिला करून टिकली किंचित हलविली, पुन्हा आवळला. "फिरव." चाक फिरले, आणि चाक फिरता फिरता तिच्या डोळ्यांसमोर त्या टिकल्या आणखी उघडल्या. म्हणजे मघाशी अण्णा 'थांब' म्हणाले, तेव्हा त्या पुरत्या उघडल्याच नव्हत्या! अर्धवट उघडलेल्या टिकल्यांत चार कागदांची फट ठेवली, तर पुरत्या उघडल्यावर ती चारापेक्षा अधिक होणार, हे तिला स्वच्छ समजले. तिने तोंड उघडले. पण समोर अज्जा होते. पन्नास वर्षे त्यांनी हे काम केले होते. मोठ्यांच्या कामात मध्ये बोलू नये, हे तर तिला घरात शेकडो वेळा सांगितले गेले होते. कदाचित आपल्यालाच चुकीचे दिसले असेल. ती गप्प बसली. झाकण लागले.

जावेची एक गंमत अशी, की किकचा दांडा व गिअरचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरविला की किक होतो. गाडी सुरू झाली की पुन्हा खाली पडून गिअर होतो. अण्णांनी तो वर केला, धोतराचा सोगा सावरला आणि नेहमीच्या ऐटीत पाय मारला. आत फट् असा आवाज झाला. दांडा उलटा उसळला, आणि अण्णांचा पाय फेकला जाऊन दांड्याचे टोक त्यांच्या नडगीवर बसले. ते खाली बसले ते बसलेच. आवाज ऐकून आजी धावत आल्या, त्यांनी नडगी पाहिली, आणि काही न बोलता आंबेहळद उगाळायला घेतली. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

"पेट्रोल खराब आहे," अण्णा म्हणाले. "हल्ली पेट्रोलमध्ये काय काय घालतात!"

नात चिंध्यांच्या टोपलीजवळ उभी होती. तिच्या हातातील चिंधीला पीळ पडत होता. पेट्रोल चांगले होते; ते तिनेच आदल्या संध्याकाळी मोजून घातले होते. आणि पाय अज्जांचा सुजला होता. गप्प राहणे ही नेहमीच नम्रता नसते, हे त्या क्षणी तिला कोणी सांगितले नाही. पण तिला उभे राहवेना.

"अज्जा, पेट्रोल खराब नाही. फट चुकली होती."

आजींचा हात सहाणेवर थांबला.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही मोजलंत तेव्हा पॉइंट पुरते उघडले नव्हते. मी चाक पुढे फिरवलं, तेव्हा ते आणखी उघडले. मी पाहिलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिला उत्तर देता आले नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले. अण्णांचा चेहरा आधी लाल झाला होता. पण बोलता बोलता ते मध्येच थांबले. त्यांनी मागच्या चाकाकडे पाहिले, मग पॉइंटच्या झाकणाकडे पाहिले.

"तू कुठं बसली होतीस?"

"इथं. चाकापाशी."

"तिथून तुला टिकल्या दिसल्या?"

"हो. स्पष्ट दिसल्या."

चाक आणि झाकण यांत दोन हातांचे अंतर होते. अण्णांचे डोळे तर झाकणापासून वीतभरच दूर होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या स्वच्छ टोकाने सावकाश पुसला, पुन्हा लावला आणि दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिले. मग पुन्हा काढला, पुन्हा पुसला. गेले सहा महिने ते हाच चष्मा पुसत होते, आणि काचा धूसर झाल्या म्हणून चष्म्याच्या दुकानदाराला नावे ठेवीत होते. आजींनी दोनदा मोतीबिंदूचे नाव काढले होते. दोन्ही वेळा अण्णा जेवणावरून उठून गेले होते. माणूस यंत्रातील बिघाड जितक्या लवकर मान्य करतो, तितक्या लवकर स्वतःतील करीत नाही. अण्णांसारखा फिटरही याला अपवाद नव्हता.

बराच वेळ गेला. लेप लावून झाला. मग अण्णांनी फळीवरचा फिलर गेज घेतला, त्यातले ०.४ चे पाते उघडले, आणि मूठ नातीपुढे धरली.

"इकडे ये. आज चाक मी फिरवतो."

जागा बदलल्या. अण्णा पाय लांब करून चाकापाशी बसले, नात झाकणापाशी. हातातील पाते थरथरत होते. "श्वास रोखू नको," अण्णा म्हणाले, "हात आणखी कापतो." चाक फिरू लागले. टिकल्या हलल्या, उघडू लागल्या, आणखी उघडल्या, आता उघडेनात. "थांबा!" ती म्हणाली. अज्जांना 'थांबा' म्हणताना तिचा आवाज चोरटा झाला होता. अण्णांना तो ऐकू गेला नाही. चाक पुढे गेले. "मोठ्यानं म्हण," ते म्हणाले. दुसऱ्या वेळी ती मोठ्याने म्हणाली.

पाते आत गेले. चांगले सैल गेले. तिने स्क्रू ढिला करून टिकली हलविली, फट बरोबर केली, आणि स्क्रू आवळला. पाहते तो आवळताना टिकली पुन्हा सरकली! हे असे होतेच. जो पहिल्यांदा हे काम करतो, त्याला वाटते आपण चुकलो. प्रत्यक्षात स्क्रूच टिकलीला आपल्याबरोबर ओढतो. म्हणून आवळताना किती सरकेल याचा अंदाज घेऊन आधी तेवढे कमी ठेवावे लागते. अण्णांनी हे सांगितले नाही. तिसऱ्या खेपेला ते तिचे तिलाच उमगले.

"आता पाते तसेच आत ठेव," अण्णा म्हणाले आणि सरकत पुढे आले. त्यांनी डोळे मिटले. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत पात्याचे टोक धरून ते हलकेच बाहेर ओढले, पुन्हा आत सरकविले, पुन्हा ओढले. मिटलेल्या वहीतून एक कागद ओढावा, तसे ते यायला हवे. अडकू नये आणि सुटूही नये. पन्नास वर्षांची ती बोटे अजून जशीच्या तशी होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

झाकण लागले, प्लग बसला. प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवीत न्यायचा आणि शेवटीच पाना लावायचा, नाही तर सिलिंडरच्या मऊ धातूतील आटे जातात, हे नातीला पूर्वीच ठाऊक होते. आता राहिली किक. आजी दारात उभ्या होत्या. "त्या पायानं मारायची नाही," त्या म्हणाल्या.

अण्णा उठले. दांडा वर केला. लेप लावलेला पाय त्यावर ठेवला. दुसरा ठेवता आला असता, पण तोच ठेवला. नातीने डोळे गच्च मिटून घेतले. फट चुकली असेल तर? पुन्हा तीच नडगी! आतापर्यंत तिच्या हातून गणिते चुकली होती, शुद्धलेखन चुकले होते. तेथे फार तर तांबडी रेघ येई. येथे अज्जांचा पाय होता.

पहिली किक रिकामी गेली. दांडा मुकाट्याने खाली आला व मुकाट्याने वर गेला. दुसऱ्या किकेला इंजिन खोकले. तिसऱ्या किकेला ते बोलू लागले.

नातीने डोळे उघडले, तेव्हा गोठ्यात निळसर धूर पसरला होता आणि अण्णा कान देऊन उभे होते. त्यांनी थ्रॉटल किंचित पिळला, सोडला, पुन्हा पिळला. आवाज चढला आणि अडखळल्यावाचून उतरला. एरवी या वेळी ते गाडी बाहेर काढीत आणि फाट्यापर्यंत एक फेरी मारून येत. गल्लीतील पोरे त्यासाठी ओट्यावर येऊन बसलेली असत. आज त्यांनी गाडी स्टँडवरून उतरविली नाही.

"आज फेरी नाही," ते पोरांना म्हणाले. मग आजींकडे न पाहता, जणू स्पॅनरविषयीच काही सांगत असावेत अशा स्वरात म्हणाले, "उद्या सोलापूरला जाऊ. सकाळच्या बसनं. डोळे दाखवून येऊ."

आजींनी हळदीची सहाण उचलली आणि त्या आत गेल्या.

फळीवरून वही खाली आली. नात दावणीच्या दगडावर बसली आणि पेन्सिलीला टोक केले. वही लिहिण्याचे काम आजवर अण्णांचेच होते. पण गेल्या काही पानांवरचे अक्षर ओळी सोडून भटकू लागले होते, हे तिच्या आता ध्यानात आले. अण्णा सांगू लागले : तारीख, इंजिन पुसले, केबलींना तेल दिले, प्लग साफ केला, रंग तपकिरी.

"पुढं लिही, फट प्रथम चुकली. किक उलटली. पुन्हा मोजून ०.४ केली."

तिने लिहिले. "चुकली" या शब्दाशी ती जरा थबकली होती, पण तिने तो तसाच लिहिला.

"वाचून दाखव."

तिने वाचून दाखविले. अण्णांनी मान हलविली. मग तिने वाकून टाकीखालचा नळ बंद केला. इंजिन आपल्या ठेक्यात चालत राहिले. कार्बुरेटरमध्ये होते नव्हते तेवढे पेट्रोल जळेपर्यंत थांबायचे होते. दोघेही काही न बोलता ऐकत बसली. थोड्या वेळाने ठेका विरळ झाला, एकदोनदा चुकला, आणि थांबला. स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो आता ऐकू येऊ लागला.